तीन मिनिटांचा आडोसा

जर्मनीहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, किल्ले पाहिलेत का, ऱ्हाईन नदी पाहिलीत का. पाहिली. नदी छान आहे, किल्लेही भरपूर आहेत, फोटो सुनेच्या फोनमध्ये आहेत. पण दोन महिन्यांत मी सगळ्यांत जास्त काय पाहिलं असेल, तर एक पोहण्याचा तलाव. छत्तीस वर्षं मी कृष्णाकाठच्या एका गावात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली आणि त्यातली तीसेक वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींना नदीत पोहायला शिकवलं. पाणी दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. किल्ल्यांबद्दल ज्यांना वाचायचं आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं, तसं लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझा मुलगा निखिल आणि सून गौरी, दोघंही फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. राहतात तिथून थोडं पुढे, टाउनुसच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी माणसं येणार आहेत ती अजून तिथेच राहतात. एक बेकरी, एक चर्च, दोन औषधांची दुकानं, रविवारी रस्त्यावर कुत्रं दिसेल तर तेही साखळीला बांधलेलं. पण पालिकेचा तलाव असा, की मी दारातच थबकले. पंचवीस मीटर लांब, पाणी कोमट, एक अख्खी भिंत काचेची आणि काचेपलीकडे बीच नावाच्या झाडांचं जंगल. सप्टेंबर संपत आला होता, पानं तांबूस व्हायला लागली होती. पाण्यात पाठीवर पडलं की वर छताऐवजी बाजूला पानं गळताना दिसायची. आमच्याकडे उन्हाळ्यात डोह आटायच्या आत मुलींना तयार करायची माझी घाई असे, आणि इथे वर्षभर हे असं पाणी गावाला दिलेलं! माझे डोळे भरून आले. 

"आई, अजून तर आत पण गेलो नाही आपण," गौरी म्हणाली.

पहिला शनिवार: चुकीचं दार

गौरीला पोहता येत नाही. हजारभर मुलींना पाण्यात ढकलणाऱ्या बाईच्या घरात पाण्याला घाबरणारी सून यावी, ही माझी थट्टा गावात अजून चालते. ती तलावाच्या कँटीनमध्ये लॅपटॉप घेऊन बसली आणि मी पोहून आले. पोहण्याच्या कापडाची गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि वर बाह्यांचा टी-शर्ट असा माझा पोशाख. अंग गार पडलं होतं, गरम पाण्याचा शॉवर शोधत होते. एक फिरतं दार ओलांडलं, मग एक लाकडी दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

आत आठ-दहा माणसं बाकांवर बसली होती. बाया होत्या, बाप्ये होते आणि कुणाच्याही अंगावर सूत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ अतिशय अदबीने उठून उभे राहिले. ते उठले नसते तर माझ्यावर उपकार झाले असते. स्वच्छ इंग्रजीत ते म्हणाले, "माफ करा, इथे कपड्यांत येता येत नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

आयुष्यात मला कपड्यांवरून पुष्कळ लोक बोलले आहेत. मुलींच्या अंगावर सलवार-कमीज तोकडे आहेत म्हणून सरपंच बोलले, मी चड्डी घालते म्हणून नणंदा बोलल्या. पण कपडे घातले म्हणून कुणी बाहेर काढलं, ते पहिल्यांदाच. मी अशी पळाले की घसरता घसरता वाचले.

माझ्यामागून एक बाई बाहेर आली. सत्तरीची, उंच, पांढरे केस मुलासारखे कापलेले, चालताना एका बाजूला किंचित झुकणारी. तिला एकच स्तन होता. दुसऱ्याच्या जागी आडवी सरळ खूण होती. तिने मला एक भलाथोरला टॉवेल दिला, गुंडाळून घ्यायची खूण केली आणि मला परत आत नेऊन आपल्या शेजारी बसवलं. ती आपल्या ओसरीवर बसावं तशी बसली होती. आमच्या गावात त्या ऑपरेशननंतर लग्नकार्याला जाणंही सोडून दिलेल्या बायका मला माहीत आहेत. सख्ख्या बहिणीसमोर पाठ फिरवून कपडे बदलणारी मी, त्या बाईकडे बघत राहिले. मला तिला उठून सलाम ठोकावासा वाटला. नाव सांगितलं तिने, रेनाटा. मग घड्याळाकडे बोट दाखवून बजावलं, पंधरा मिनिटांच्या वर नाही.

गौरीला सांगितलं तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली आणि म्हणाली, ती सौना, घाम काढायची गरम खोली, तिथे सगळे असेच बसतात. निखिलला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

गुरुवार: बायकांचा तास

दर गुरुवारी संध्याकाळी त्या तलावात बायकांचा तास असतो. काचेच्या भिंतीवर पडदे ओढतात, पुरुष कर्मचारी बाहेर जातात आणि दीड तास तलाव फक्त बायकांचा. गौरी तिथे पोहायला शिकत होती.

"तू इंजिनियर, पुण्याची. तुला कशाला लागतो बायकांचा तास?" मी विचारलं.

"हे बघा आई, माझा टीम लीड इथे रोज पोहायला येतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये ज्याला उत्तरं द्यायची, त्याच्यासमोर मी शनिवारी पोहण्याच्या कपड्यांत गटांगळ्या खाऊ?"

आत तीस-एक बायका होत्या. सीरियाच्या, अफगाणिस्तानच्या, तुर्की घरांतल्या, दोन आपल्याकडच्या, तीन-चार वयस्क जर्मन. उंच खुर्चीवर चड्डी आणि टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून जीवरक्षक बसली होती. तिने हात हलवला तरी मला कळेना ही कोण. ती रेनाटा होती. कपड्यांत मी तिला ओळखलंच नाही.

शिकवणारी मात्र दुसरीच होती. एकोणतीस-तीस वर्षांची तुर्की मुलगी, एका प्रयोगशाळेत नोकरी करणारी. तिचे आजोबा इथे कारखान्यात कामाला आले, तिचा बाप इथेच वाढला, ती इथेच जन्मली. नाव हातिजे, म्हणजे आपल्याकडची खतिजा. आली तेव्हा लांब कोट आणि डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल. पडदे ओढले गेले तसा कोट गेला, रुमाल गेला, आणि साध्या काळ्या पोहण्याच्या पोशाखात, जाड वेणी टोपीत कोंबून तिने सूर मारला.

मी काय सांगू! पाणी वाजलंच नाही. हात पडत होते, निघत होते, अंग एका रेषेत आणि पाय असे चालत होते की मागे नुसती बुडबुड्यांची एक पट्टी. जिल्हा पातळीवर मी मुली नेल्या आहेत, असं पोहणं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. तरी सवय जात नाही. ती काठाला लागली तसं मी वाकून इंग्रजीत म्हटलं, "डावं कोपर पडतंय तुझं, दमलीस की."

ती बघतच राहिली, मग खळखळून हसली. "तेयझे," ती म्हणाली. तुर्कीत मावशीला तेयझे म्हणतात. "जन्मापासून लोक माझ्या डोक्यावर काय आहे तेच बघताहेत. माझ्या कोपराकडे बघणाऱ्या तुम्ही पहिल्या."

पोहून झालं की कँटीनमध्ये पोम्मेस, म्हणजे बटाट्याचे तळलेले लांब तुकडे, खायची तिथे रीत आहे. आमच्या मुली नदीवरून आल्या की गूळ-शेंगदाणे खायच्या, तीच भूक. त्या गरम बटाट्यांवर मला सगळी हकिगत कळली. रेनाटाच्या खुब्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात होतं आणि त्यानंतर ती काम सोडणार होती. जीवरक्षकाचा रौप्य बिल्ला असलेली दुसरी बाई तलावाकडे नव्हती. बाई मिळाली नाही तर जानेवारीपासून गुरुवारचा तास बंद, असं पत्र आलं होतं. हातिजे तीन आठवड्यांनी त्या बिल्ल्याच्या परीक्षेला बसणार होती. नापास झाली तर पुढची परीक्षा वसंतात. तोवर तास गेला की गेला, परत कोण सुरू करतो?

"बायका मग येणारच नाहीत," हातिजे म्हणाली. "ती कोपऱ्यातली झैनब बघितलीत? तिची मुलं उन्हाळ्यात तळ्यावर जातात आणि ती काठावर उभी राहून नुसती मोजत असते, एक, दोन, तीन. तिला मुलांच्या मागे पाण्यात उतरता यायला हवं, बस."

आमच्या गावात कपडे धुताना पाय घसरून एक सातवीतली मुलगी गेली, तेव्हा मी मुलींना पोहायला शिकवायला लागले. हातिजेला दुसरं काही सांगायची गरज पडली नाही.

परीक्षेत अडचण एकच होती, आणि ती ऐकून मी आधी हसले. त्या परीक्षेत पूर्ण कपड्यांत पोहावं लागतं. लांब पँट, लांब बाह्यांचा जाड सदरा, तीनशे मीटर, बारा मिनिटांत. माणूस बुडताना दिसला तर जीवरक्षक कपडे बदलत बसणार नाही, म्हणून. एका दाराआड कपडे घातले म्हणून मला बाहेर काढलं, आणि त्याच इमारतीत सगळ्यात अवघड परीक्षा कपड्यांसकट! पण पुढचं ऐकून हसू मावळलं. तीनशे मीटर झाले की खोल पाण्यातच ते कपडे उतरवायचे. परीक्षा शनिवारी सकाळी, सगळ्यांसमोर. म्हणून हातिजे आत अंगभर पोशाख आणि डोक्याला घट्ट टोपडं घालणार होती. त्याला तिथे परवानगी होती. पण ओला सदरा डोक्यावरून ओढला की टोपडंही त्याच्याबरोबर निघून येत होतं. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा.

रविवार: रेनाटाबरोबर जंगलात

रेनाटाने आम्हाला चालायला बोलावलं. दुखऱ्या खुब्याने ती दोन काठ्या टेकत चढ चढत होती आणि मी मागे धापा टाकत होते. बीचचं जंगल आतून बघितल्याशिवाय कळणार नाही. खोड हत्तीच्या पायासारखं करडं, गुळगुळीत. खाली पानांचा थर, त्यावर आपल्याच पावलांचा आवाज. वर एका उघड्या जागेवरून दूर फ्रँकफर्टचे मनोरे दिसले, त्यांच्यावर ऊन होतं.

एका जुन्या खानावळीत तिने आम्हाला सफरचंदाची आंबट दारू आणि एक वासाचं चीज खायला घातलं. चीजवर कच्चा कांदा आणि शहाजिरं. वास असा की गौरी खुर्ची मागे सरकवून बसली. मला आवडलं. कांदा बुक्कीने फोडलेला असता तर आणखी आवडलं असतं.

रेनाटा जर्मनमध्ये बोलत होती, गौरी मराठीत सांगत होती. "मी पाळण्यात होते तेव्हा बापाने जाऊन आईची नोकरी सोडवली. तिला विचारलंसुद्धा नाही. कायदा त्याच्या बाजूचा होता. आमच्या गावात बायका शेतात आणि चर्चमध्ये डोक्याला रुमाल बांधूनच जायच्या. सतराव्या वर्षी मी माझा चुलीत घातला. आईने थोबाडीत दिली." तिने पेला खाली ठेवला. "बायकांचा तास मी सुरू केला. पालिकेशी दोन वर्षं भांडून. का? तर बायकांना कुणाच्या नजरेशिवाय अंगावरचं उतरवता यावं म्हणून. आणि आता माझा तास कोण चालवणार? जी बाहेर जाताना परत बांधते, ती."

"पण ती स्वतःच बांधते," गौरी म्हणाली. "तिच्या वडिलांना तर ते आवडतच नाही. नोकरीत त्रास होतो म्हणून काढ म्हणतात."

"हो, हो. माझी आईपण स्वतःच बांधायची," रेनाटा म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली, शिक्षिकेने शिक्षिकेकडे वळावं तशी. "तू सांग. समोर माणूस बुडतोय आणि जिला आपल्या केसांची आठवण येते, तिच्या हातात मी तलाव कसा देऊ?"

प्रश्न खरा होता. तिच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता. त्या बाईबद्दलचा माझा आदर मात्र तसूभरही कमी झाला नाही.

तीन आठवडे: सदऱ्यातून खाली

कपड्यांत पोहणं या विषयात मला कुणी काही शिकवू नये. तीस वर्षं माझ्या मुली सलवार-कमीजमध्येच पोहल्या, कारण दुसऱ्या कशात घरचे पाठवायचेच नाहीत. बुडणाऱ्याकडे फेकायला कमीजच काढायची, गाठ मारून दोरीसारखी फेकायची, हेही मी शिकवत असे. आत दुसरा सदरा असायचा. तेव्हा ओल्या कमीजशी झटापट कशी करायची नाही हे मला माहीत होतं.

"ओढतेस कशाला?" मी हातिजेला म्हटलं. "आधी आतल्या आत दोन्ही हात बाह्यांतून काढ. सदरा गळ्याशी गोळा कर. गळा दोन्ही मुठींनी रुंद धर, हवा भरू दे. आता श्वास सोड आणि पाय खाली करून सरळ बुड. सदऱ्याला वर राहू दे, तू खाली जा."

पहिल्यांदा नाकात पाणी गेलं. दुसऱ्यांदा एक बाही अडकली. सहाव्यांदा सदरा पाण्यावर फुगून तरंगत राहिला आणि ती चार हात पलीकडे वर आली, टोपडं जागच्या जागी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीवर रेनाटा बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या दिवशी बटाटे खाताना हातिजेने विचारलं, "तेयझे, तुमच्या नदीत मुसलमान मुली पोहायच्या?"

मी खोटं बोलू शकले असते. "एक होती," मी म्हटलं. "नसीम. आठवीतली, काटक, माशासारखी झाली असती. तिला ओढणी डोक्याला बांधून पोहायचं होतं. ओढणी गळ्यात अडकते, म्हणून मी म्हटलं, ओढणी काढ नाहीतर काठावर बस. ती काठावर बसली. दोन उन्हाळे येऊन काठावर बसली आणि माझ्यासाठी हजेरी मांडली. तिला टोपडं शिवून द्यावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

हातिजेने तिची बटाट्याची ताटली माझ्याकडे सरकवली. सगळ्या मुलींना स्वतंत्र करायला निघालेली मी, त्या पोरीला दोन वर्षं कोरडी ठेवून बसले होते, आणि ते कळायला मला जर्मनीला यावं लागलं.

परीक्षेचा शनिवार

सकाळी दहाला तलाव भरलेला होता. आजोबा लोक आपापल्या रांगेत संथ चकरा मारत होते, पोरं उड्या टाकत होती. परीक्षेला सहा जण होते, पाच तरुण मुलगे आणि हातिजे. परीक्षक दोन, रेनाटा आणि शेजारच्या गावाहून आलेले एक गृहस्थ, हातात घड्याळ घेऊन. मी आणि गौरी काठाच्या बाकावर होतो. बाहेर थंडी, म्हणून मी माझी सोलापुरी चादर बरोबर आणली होती. तिथले टॉवेल मला पुरत नाहीत.

तीनशे मीटर हातिजेने अकरा मिनिटांच्या आत संपवले, पाच मुलग्यांपैकी तिघांच्या पुढे. मग सदरा. हात आत, गळा रुंद, आणि ती सरळ खाली गेली. सदरा वर राहिला. टोपडं हललं नाही. मी गौरीचा हात इतका दाबला की ती कळवळली.

शेवटचा भाग सलग करायचा होता. पोहत जायचं, तळाची जड कडी आणायची, मग बुडणारा मागून गळ्याला मिठी मारेल ती सोडवायची, त्याला ओढत काठाला आणायचं, बाहेर काढायचं आणि शेवटी काठावर ठेवलेल्या सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर तीन मिनिटं दाब द्यायचे. मध्ये थांबलात तर नापास. बुडणारा म्हणून बाकीच्यांनी एकमेकांना घेतलं होतं. हातिजेची पाळी आली तेव्हा एक मुलगा उठला.

"तू बस," रेनाटा म्हणाली. "हिच्यासाठी मी बुडते."

दुसऱ्या परीक्षकांनी तिच्या खुब्याकडे बघितलं. पाण्यात दुखत नाही, असं म्हणून ती उतरलीसुद्धा.

हातिजेने कडी आणली. ती वर येते न येते तोच रेनाटाने मागून झडप घातली. बुडणारं माणूस जे हाताला लागेल ते धरतं. रेनाटाने एक हात गळ्याला घातला आणि दुसऱ्या हाताने टोपडं मुठीत पकडलं, पुरतं, बंदासकट. मी ताडकन उभी राहिले. ही परीक्षा होती की सूड, मला कळेना.

हातिजे क्षणभरही थांबली नाही. हनुवटी छातीला लावली, खांदे वर उचलले आणि ती खाली गेली. टोपडं रेनाटाच्या मुठीत राहिलं. हातिजे तिच्या पाठीमागून वर आली, तिच्या काखेतून हात घातला आणि तिला पाठीवर घेऊन निघाली. वेणी सुटली होती. लांब काळे केस पाण्यावर पसरले होते, सगळ्या तलावासमोर. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. किती सुंदर केस, आणि किती सहज सुटली पोरगी, असं माझ्या मनात आलं.

ती काठाला लागली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. ओठ पांढरे झाले होते. ती कुणाकडेही बघत नव्हती. आपल्यापेक्षा जड बाईला तिने काठावर ओढून घेतलं, आडवं ठेवलं आणि पुतळ्याजवळ गुडघे टेकून मोजायला सुरुवात केली. आइन्स, त्स्वाय, द्राय. आजोबा लोक चकरा थांबवून बघत होते. पोरं उड्या मारायची थांबली होती. केसांतून पाणी गळून पुतळ्याच्या छातीवर पडत होतं. माझा आनंद कुठल्या कुठे गेला आणि मला माझी लाज वाटली.

बुडालेल्या माणसाने पडून राहायचं असतं. रेनाटा पडून राहिली नाही. कोपरावर जोर देऊन उठली, खुब्याला हात लावत लंगडत माझ्यापाशी आली आणि माझ्या खांद्यावरची चादर खेचली. एक टोक मला दिलं. तिला काय हवंय ते मला गौरीने सांगावं लागलं नाही. नदीवर एकीला कपडे बदलायचे असले की दोघी लुगडं धरून आडोसा करतात, तेवढं प्रत्येक बाईला कळतं. आम्ही चादर ताणली आणि तलावाकडे तोंड करून उभ्या राहिलो.

"मला दिसत नाही," दुसरे परीक्षक म्हणाले. "परीक्षा बघावी लागते."

"बघायला मी आहे. तू घड्याळ बघ," रेनाटा म्हणाली. ते तिच्या तोंडाकडे बघून पाठमोरे झाले.

तीन मिनिटं किती लांब असतात! हात वर धरून माझे खांदे भरून आले. शेजारी रेनाटाचा पाय थरथरत होता, तरी तिने टोक खाली येऊ दिलं नाही. दर थोड्या वेळाने ती मान वळवून मागे बघे, दाब बरोबर पडतोय का ते बघे आणि परत समोर. आमच्या पाठीमागे हातिजेचा आवाज चालू होता, दमलेला, न चुकता. समोर अख्खा तलाव आमच्याकडे बघत होता आणि रेनाटा त्या सगळ्यांकडे अशी रोखून बघत होती, की एकेक करून सगळे परत पोहायला लागले.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले.

मोजणं थांबलं. रेनाटाने मागे न बघता मुठीतलं ओलं टोपडं पाठीमागे धरलं. ते तिच्या हातातून घेतलं गेलं. थोडा वेळ नुसता धापांचा आवाज आला.

"मला बघायचं होतं," रेनाटा म्हणाली. गौरी माझ्या कानाशी हळूच मराठीत सांगत होती.

"माहीत आहे," मागून हातिजे म्हणाली. "आता तुम्हाला कळलं. मला आधीपासून माहीत होतं."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, रेनाटा म्हणाली. मग, "मी विचारायला हवं होतं तुला."

मागून ओलं टोपडं पिळल्याचा आवाज आला. पाठमोऱ्या परीक्षकांनी विचारलं, कागदावर काय लिहायचं. "बेश्टांडेन," रेनाटा मोठ्याने म्हणाली, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं. पास. गौरी रडायला लागली. मागे अजून बंद बांधले जात होते. ओल्या बंदाची गाठ लवकर बसत नाही. हात खाली घ्या असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतः चादर बाजूला करून बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी म्हाताऱ्या तशाच धरून उभ्या राहिलो.